ताली आणि हिवाळा

इंग्लंडांतील उद्यानशास्त्रावरील ग्रंथ चाळीत असतां एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते, ती ही कीं, तेथील बागवानास खरी धास्ती असते हिवाळ्याची. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत झाडें निष्पर्ण, फुलांचें नांव नाहीं, जमीन गारठलेली. मग बागेंत पाहावयाचें काय? यावर तेथल्या जाणत्यांनीं काढलेला एक तोडगा असा कीं, जमीन उताराची असेल तर तिला दगडी भिंतींचे टप्पे पाडावे. पानें गेलीं तरी भिंतींची रेघ उरते. फटींतून सदाहरित रोपें डोकावतात. भिंतीच्या उबेला एखादें लाल फळांचें झुडूप तग धरतें. गर्ट्रूड जेकिल या विदुषीनें १९०१ सालीं भिंतींवरील व पाण्यांतील बागांविषयीं एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें, आणि चुन्यावांचून रचलेल्या भिंतीच्या फटींत काय काय लावतां येईल याचा त्यांत सविस्तर विचार केला. हिवाळ्यांतली शोभा हें तिकडे बागेच्या आखणीचें एक वेगळें प्रकरणच होऊन बसलें आहे.

हें वाचून आपल्याकडील कोणी हौशी गृहस्थ जसेंच्या तसें पुण्याच्या पूर्वेस करूं जाईल, तर त्याची फसगत होईल. भिंत चुकीची म्हणून नव्हे. आपला हिवाळा निराळा म्हणून. आपल्याकडे ओसाड ऋतु उन्हाळ्याचा. हिवाळा हा भरला ऋतु. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन जानेवारींत भरतें तें उगीच नव्हे. तेव्हां आपल्या बागवानानें विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. हा हिवाळा भरतो तो कशाच्या जोरावर? आणि गंमत अशी कीं, उताराच्या जमिनीपुरतें तरी याचें उत्तर फिरून भिंतीशींच येतें.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर काटेवाडी हें गांव लागतें. पुष्कळ महाराष्ट्रीय कुटुंबांस या गांवाची ओळख आहे ती आषाढांतली. तुकोबांच्या पालखीस येथें परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि पालखीभोंवतीं मेंढ्यांचें रिंगण होतें. तो सोहळा पाहिलेला मनुष्य विसरत नाहीं. परंतु आषाढांतला हा मुलूख म्हणजे आभाळाकडे तोंड करून पडलेली उघडी जमीन. ज्यास तिचें खरें रूप पाहावयाचें असेल त्यानें पौषांत यावें. शाळू हुरड्यावर आलेला असतो. शेताच्या कडेनें करडईच्या कांटेरी ओळी, गुरांनीं आंत शिरूं नये म्हणून मुद्दाम पेरलेल्या, पिवळ्या-केशरी फुलांनीं पेटलेल्या असतात. मध्येंच हरभऱ्याचा वाफा, क्वचित् जवसाचीं निळीं फुलें, बांधावर बोरी लगडलेल्या. संक्रांतीच्या सुगडांत आपल्या घरच्या बायका गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचे घाटे, बोरें आणि उसाचीं पेरें घालतात. या मुलुखाच्या हिवाळी बागेची यादी याहून नेटकी कोणीं केलेली नाहीं.

आतां हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. वर्षाचा पाऊस सरासरीनें सुमारें ५०० मिलिमीटर, म्हणजे वीस इंच. त्यांतहि भर पावसाळ्यांत ढग नुसते डोक्यावरून निघून जातात, आणि भरंवशाचा म्हणावा असा पाऊस उत्तरा-हस्तांत, भाद्रपद-आश्विनांत पडतो. तो येतो तेव्हां धो धो येतो. ओढे तासाभरांत भरून वाहतात आणि दुसऱ्या दिवशीं कोरडे ठणठणीत. त्यानंतर पीक उभें राहतें तें सर्वस्वी मातींत मुरलेल्या ओलीवर. एक मीटर खोलीची काळी माती पिकाला सुमारें १५० ते २०० मिलिमीटर पाणी पुरवूं शकते. माळावरचा वीतभर मुरमाड थर त्याच्या पाव भागहि देत नाहीं. म्हणजे ज्याच्या शेतांत माती खोल त्याचा हिवाळा हिरवा, आणि ज्याची माती हस्ताच्या सरींबरोबर ओढ्यांत गेली त्याचा हिवाळा दसऱ्यालाच संपला. उतार हा येथला शत्रु, आणि त्याच्याविरुद्ध घातलेली आडवी भिंत म्हणजे ताल.

ताल कोठें नुसत्या मातीची असते, कोठें पुढून दगडांनीं बांधून काढलेली, कोठें सबंध दगडाची. कोंकणांतला गडगा मुख्यतः आवार राखावयास उभा केलेला असतो. देशावरची ताल ओझें पेलावयास घातलेली असते, कारण तिच्या पाठीशीं माती आहे आणि त्या मातींत पाणी आहे. ती रचण्याची रीत ठरलेली. मुरूम लागेपर्यंत पाया उकरावयाचा. जितकी उंची त्याच्या निम्म्याच्या आंत तळाची रुंदी ठेवावयाची नाहीं. मोठे धोंडे खालीं, आणि प्रत्येक दगड पाठीमागे, उताराच्या पोटाकडे, किंचित् कललेला. तोंडची बाजू ओळंब्यांत सरळ नसते. वर जातां जातां ती मागें झुकते, सहा-सात हातांस सुमारें एक हात. मधून मधून एक लांब दगड भिंतींत आडवा, पुढून मागपर्यंत पोंचेल असा बसवितात, म्हणजे तोंडचे दगड आणि पाठीची भर एकमेकांस धरून राहतात. पाठीशीं चिपांची भर, तिच्या मागें माती. चुन्याचा किंवा सिमेंटचा स्पर्शहि नाहीं.

हा चुना न घालणें म्हणजे गरिबी अशी शहरी माणसाची समजूत असते. वास्तविक भिंतीस पाडतें तें मातीचें ओझें क्वचितच. भिजलेल्या मातींत कोंडलेलें पाणी तिला पाडतें. कोरड्या रचाईच्या भिंतींतून तें पाणी हजार फटींनीं पाझरून जातें, माती मात्र चिपांशीं अडून राहते. चुन्यांत बांधलेल्या भिंतीस हेंच साधावयास जागोजाग नळ्या ठेवाव्या लागतात, आणि त्या बुजल्या कीं दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यांत तिचें पोट फुगूं लागतें. एका टोकाला सांडवा हवाच. ज्या तालीस सांडवा नाहीं ती जेथें अशक्त असेल तेथें आपला सांडवा आपण करून घेते. आणि मुख्य म्हणजे जाणता शेतकरी ताल एका वर्षांत पुरी घालीत नाहीं. दोन हात घालावयाची, गाळ भरूं द्यावयाचा, मग आणखी दोन थर चढवावयाचे. पांच, दहा, कधीं पंधरा पावसाळ्यांनीं तिच्या पाठीशीं एक सपाट पट्टी तयार होते, आणि तेथला शाळू शेजारच्या उतारावरील शाळूपेक्षां हातभर उंच दिसतो. दगडाचें अवघड काम असलें म्हणजे वडार बोलवावयाचे. पहार, घण आणि छिन्नी एवढ्या सामग्रीवर या लोकांनीं देशावरच्या विहिरी, ताली व पुढें कालवे उभे केले. त्यांच्या वाट्यास शेताचा तुकडा मात्र फारसा कधीं आला नाहीं.

असली भिंत कोण घालील? तिचें फळ आपण खाऊं, निदान आपला मुलगा खाईल, अशी ज्यास खात्री आहे तोच. म्हणून तालींचा इतिहास शोधूं लागलें म्हणजे मनुष्य दगड सोडून हक्काच्या आणि साऱ्याच्या दप्तरांत जाऊन पोंचतो. मराठेशाहींत मिरासदार आणि उपरी असे शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. उपरी आज या गांवीं तर उद्यां दुसऱ्या. ताल घालावयाची बुद्धि पहिल्यास होणें साहजिक होतें. पडजमीन उठविणाऱ्या कुळास सरकारांतून कौल मिळे, आणि सारा एकदम न बसवितां इस्ताव्यानें, म्हणजे वर्षावर्षाला थोडा थोडा चढवीत, पुऱ्या दरास आणीत. माळ फोडून शेत करावयास वेळ लागतो, ही गोष्ट त्या व्यवस्थेंत गृहीतच धरलेली होती.

इंग्रजी अमलाच्या आरंभीं हें भान सुटलें. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें पुणें प्रांताची पाहणी केली. विलायतेहून शिकून आलेल्या अर्थशास्त्राप्रमाणें त्यानें निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या शेंकडा ५५ टक्के सारा ठरविला. गणित सुबक होतें. परंतु मोजणी सदोष, हाताखालचे कामगार लांचखाऊ, आणि त्यांतच भाव कोसळलेले. लोक जमिनी टाकून निघून गेले, आणि इंदापूर तालुक्याची स्थिति तर विशेषच वाईट झाली. १८३५-३६ सालीं गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनीं नवी पाहणी आरंभिली ती याच तालुक्यांत. पुढें सबंध मुंबई इलाख्यास जी जमीनमहसुलाची पद्धति लागू झाली तिचें पहिलें क्षेत्र इंदापूर होय, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

विंगेटच्या पद्धतींत प्रस्तुत विषयास लागू अशा दोन गोष्टी आहेत. जमिनीची प्रत ठरवितांना मातीचा रंग व खोली पाहून नऊ प्रती करीत, आणि मग दोष मोजीत. चुनखडीची भेसळ हा एक दोष, वाळूची भेसळ हा दुसरा. आणि पृष्ठभाग उतरता असणें, तसेंच वाहत्या पाण्यानें माती धुपून जाण्याचा धोका असणें, हेहि दोष कागदावर नोंदलेले असत. प्रत्येक दोषागणिक जमीन एक प्रत खालीं उतरे. म्हणजे शेतकऱ्यानें पिढ्यान् पिढ्या हातानें जें जाणलें होतें तें सरकारी कागदांत प्रथमच अशा रीतीनें मांडलें गेलें. दुसरी गोष्ट तीस वर्षांच्या मुदतीची. एकदां बसविलेला सारा तीस वर्षें वाढावयाचा नाहीं. आणि मुदत संपल्यावरहि शेतकऱ्यानें स्वतःच्या पैशानें व श्रमानें केलेल्या सुधारणेवर जादा आकारणी करावयाची नाहीं, हें तत्त्व पुढें १८७९ च्या जमीनमहसूल कायद्यांत आलें. आमच्या मतें तालीच्या दृष्टीनें यापेक्षां मोलाचें वाक्य त्या शतकांत कोठल्याहि सरकारी कागदावर उमटलें नाहीं. तीस वर्षें म्हणजे एक ताल भरून येऊन तिच्यावर दोन पिढ्यांनीं हुरडा खाण्याइतका काळ.

परंतु ज्या जमिनीवर सारा हलका झाला तिच्यावर कर्ज मिळूं लागलें. जमीन विकतां येते व गहाण टाकतां येते हें ठरल्याबरोबर सावकाराचें लक्ष पिकावरून जमिनीवर गेलें. १८६७ च्या सुमारास इंदापूरची फेरपाहणी होऊन सारा पुन्हां चढला. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथील बाजारांत दंगा झाला, सावकारांचे रोखे व खतें जाळण्यांत आलीं, आणि तेथून तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें. सुपें हें आजच्या बारामती तालुक्यांतलें गांव. दंग्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्याचा तालीशीं संबंध मात्र क्वचितच जोडला जातो. ज्याचें शेत गहाण पडलें आहे त्यानें फुटलेली ताल कां बांधावी? दोन थर चढविले तर तेहि सावकाराच्या गहाणांत जाणार. सावकार स्वतः दगड उचलावयास येणार नाहीं. मधल्या मध्यें माती निघून जाते. लगेच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला, आणि माणसेंहि निघून गेलीं. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांस कर्जांत दिलासा देणारा कायदा आणि जमीनसुधारणेसाठीं तगाई देणारा १८८३ चा कायदा हे या अनुभवानंतरचे.

त्या दुष्काळाचें दुसरें अपत्य म्हणजे नीरेचा डावा कालवा. भोरजवळ भाटघरचें धरण आणि त्याच्या पाण्यावर नदीच्या उत्तर तीरानें बारामती-इंदापूरकडे जाणारा हा कालवा १८८० च्या दशकांत वाहूं लागला. कालवा म्हणजे एक अत्यंत लांब समपातळी रेघच. तो उताराला धरून, अगदीं थोडा थोडा उतरत जातो, आणि त्याचें पाणी खालच्याच बाजूस मिळतें. पूर्वीं सर्व उतार एका न्यायाचा होता; आतां त्याचे दोन भाग झाले. कालव्याखालच्याचें बागाईत झालें, ऊस आला, बारमाही हिरवळ आली. कालव्यावरचा माळ होता तसाच हस्ताच्या पावसाकडे पाहत राहिला.

येथें एक विलक्षण उलटापालट झाली. खालच्या बाजूस पाणी अडविण्याची गरज संपली, आणि जास्तीचें पाणी काढावें कसें ही अडचण उभी राहिली. पंचवीस वर्षांच्या आंत नीरेच्या खोऱ्यांतल्या कांहीं काळ्या जमिनी मीठ फुटून पांढऱ्या पडल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनीं या खारवट जमिनींवर १९१० सालीं एक पुस्तिका प्रसिद्ध केली. ताल ही ओल अडविते पण कोंडीत नाहीं. कालव्याखालच्या खोल काळ्या जमिनींत पाण्यास वाट उरली नाहीं आणि खालचें मीठ वर आलें. चोपण झालेल्या शेताइतकें उदास दृश्य दुसरें नसेल, कारण तेथें पाणी आहे आणि पीक नाहीं.

पुढें सरकारचें लक्ष माळाकडे वळलें. मुंबई इलाख्यानें १९४२ सालीं जमीनसुधारणा योजनांचा कायदा केला, आणि नंतरच्या दोन दशकांत बांधबंदिस्तीचें काम फार मोठ्या प्रमाणावर झालें. त्याचा उपयोग झाला नाहीं असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. तरीहि त्यांतला एक दोष सांगितलाच पाहिजे. शास्त्रीय बांध समपातळीची रेघ पाहून आखला जाई. ती रेघ एकाच्या शेतांतून तिरपी निघून दुसऱ्याच्या शेतांत शिरे. शेतकऱ्याच्या जुन्या ताली हद्दीवर असत, किंवा पाभर सरळ चालेल अशा बेतानें घातलेल्या असत. नवा बांध ज्याच्या शेताच्या मध्यावर आला त्यानें तो पहिल्या नांगरटीस थोडा कोरला, दुसऱ्या नांगरटीस आणखी कोरला. खोल काळ्या जमिनींत तर अशा बांधामागें पाणी तुंबून पीकच पिवळें पडे. बांध कोरणें या शब्दांशीं आपल्याकडे कोर्टकचेऱ्यांची केवढी परंपरा निगडित आहे, हें वाचकांस सांगावयास नको. १९१७ सालींच मॅन यांनीं पुण्याजवळच्या पिंपळें सौदागर या गांवाच्या पाहणींत दाखविलें होतें कीं, वांटण्या होतां होतां शेतांचे चिंध्यांएवढे तुकडे झाले आहेत. चार भावांच्या चार तुकड्यांतून गेलेल्या एका तालीचा धनी कोण, हें कोणत्याहि अभियंत्याच्या नकाशावर लिहिलेलें नसतें.

१९७२ च्या दुष्काळांत लोकांनीं पुन्हां दगड उचलले. खडी फोडणें, रस्ते, बांध, पाझर तलाव अशा कामांवर राज्यभर लक्षावधि स्त्रीपुरुष होते. त्या अनुभवांतून, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून, रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला. मात्र दुष्काळी कामावरील बांध आणि घरच्या माणसानें पंधरा पावसाळे पाहून वाढविलेली ताल यांत अंतर आहे. पहिल्याचें मोजमाप घनमीटरांनीं होतें आणि काम संपल्यावर त्यास वाली राहतोच असें नाहीं. अलीकडे यंत्रानें माळ सपाट करून घेण्याची चाल पडली आहे. दोन दिवसांत दोन एकर रान आरशासारखें होतें, आणि जुन्या तालीचे दगड कोठें गेले हें विचारण्याचें कारण उरत नाहीं. तिकडे युरोपांत क्रोएशियापासून स्पेनपर्यंत आठ देशांच्या कोरड्या दगडी रचाईच्या कसबाची युनेस्कोनें २०१८ सालीं मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली. आपल्याकडे हें कसब ज्यांच्या हातांत आहे तीं माणसें नाक्यावर रोजंदारीची वाट पाहत उभीं असतात.

विलायती धर्तीची उतारावरची बाग महाराष्ट्रांत आली ती वेगळ्या वाटेनें. माल्कम साहेबांनीं १८२८ च्या सुमारास साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या साहाय्यानें महाबळेश्वरचें ठाणें वसविलें, आणि थोड्याच वर्षांत तेथें चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग झाला. बटाटे व विलायती भाज्या यांच्या लागवडीची रीत त्या थंड उतारावर रुजविण्यांत या कैद्यांचा हात मोठा होता. तो तुरुंग १८६४ सालीं बंद झाला. आज कार्तिकापासून चैत्रापर्यंत त्याच बाजूच्या उतारांवर स्ट्रॉबेरीचे वाफे डंवरलेले असतात, आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० सालीं भौगोलिक उपदर्शनहि मिळालें. त्या लाल फळांकडे पाहून समुद्रापलीकडून आणलेल्या त्या बंदिवानांची आठवण कोणास होत असेल असें वाटत नाहीं.

आतां काटेवाडीच्या बाजूस ज्यांचें घर उताराच्या जागेवर आहे आणि ज्यांस शोभेची हौसहि आहे, अशांसाठीं चार गोष्टी. नीरेच्या उत्तर तीरावरची जमीन सामान्यतः नदीकडे, म्हणजे दक्षिणेकडे उतरते. हें गांव सुमारें १८ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळें डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, आणि दक्षिणमुखी भिंतीच्या सबंध तोंडावर ऊन पडतें. मेच्या मध्याला तोच सूर्य थेट डोक्यावर येतो आणि जूनमध्यें किंचित् उत्तरेकडे कलतो, त्यामुळें भर उन्हाळ्याच्या दुपारीं भिंतीचें तोंड जवळजवळ सावलींत राहतें. दगड दिवसाची ऊब पौषांतल्या रात्रीं थोडी थोडी परत देतो. तेव्हां शेवंती आणि झेंडू या भिंतींच्या पायथ्याशीं लावावेत, घराच्या पडवींत नव्हे. फटींत कोरांटी धरते. तिचीं पिवळीं किंवा जांभळीं फुलें थंडींतच येतात. माथ्यावर सीताफळ ठेवावें, कारण त्यास खडकाळ जागा चालते व तें पाणी मागत नाहीं. बोर मात्र जरा दूर, तिचीं मुळें भिंत उचलतात. पट्टी रुंद असेल तर तिच्यावर शोभेचें गवत पेरण्याऐवजीं शाळूच्या चार ओळी व कडेला करडई पेरून पाहावी.

भिंत कमरेपेक्षां उंच घालूं नये. उतार जास्त असेल तर एका उंच भिंतीऐवजीं तीन ठेंगण्या घालाव्या. पहिल्या वर्षीं निम्मीच घालावी. आणि वरचा थर बसविण्यापूर्वीं सांडवा करावा, दोन मोठे सपाट धोंडे खालीं देऊन, म्हणजे हस्ताचें पाणी उडी मारून पायाच उकरणार नाहीं. सांडव्याच्या दोहों अंगांस कोरफड लावली तर तिचीं मुळें माती धरून ठेवतात. थंडींत तिचे पिवळे तुरे हातभर उंच येतात, आणि सकाळच्या उन्हांत शिंजीर पक्षी त्यांवर येऊन लोंबकळतात.